नाईक यशवंत घाडगे यांची हकीकत

आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली. मंडळी म्हणाली, बुवा, पुस्तकात तुमच्याही चार ओळी पाहिजेत. आम्ही चौथी शिकलेले. आम्हांस बोलायला सांगा, रात्र काढू. लिहायचं म्हंजे नांगर उलटा धरल्यासारखं होतं. तरी लिहितो. चूकभूल पदरात घ्यावी.

नवीन पोरं विचारतात, आपल्या वस्तीला कॅम्प नंबर ३ का म्हणतात? तर दुसऱ्या महायुद्धात इथं लष्कराची छावणी होती. कल्याण कॅम्प म्हणायचे. बराकी बांधल्या आणि त्यांना नंबर दिले. पुढं फाळणी झाली, सिंधी निर्वासित मंडळी त्याच बराकींत येऊन राहिली, आणि १९४९ साली उल्हासनगर हे नाव पडलं. नाव बदललं पण कॅम्प हा शब्द काही गेला नाही. दिंडी तर त्याच्याही आधीची. आमचे आजे सांगायचे, बराकीतले शिपाई कुठं कुठं जायचे त्यातले किती माघारी आले कोण जाणे.

त्या लढाईतल्या एका माणसाची हकीकत आम्ही कीर्तनात सांगतो. नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव. तवा कुलाबा जिल्हा म्हणत, आता रायगड. कोकणात भाताच्या चार खाचरांवर घर चालत नसे, म्हणून पोरं पलटणीत भरती होत. हे पाचव्या मराठा पलटणीच्या तिसऱ्या बटालियनमधे होते. बोटीत बसवून इटलीत नेलं.

तारीख १० जुलै १९४४. आपल्याकडं आषाढ, आवणीची घाई, चिखलात वाकून वाकून कंबर मोडते ते दिवस. तिकडं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात मराठ्यांच्या कंपनीनं जर्मनांच्या मोर्चावर चढाई केली. घाडगे यांच्या हाताखाली एक छोटी तुकडी होती. अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि तुकडीतली सगळी माणसं पडली, कोणी मेलं, कोणी जखमी. उभे राहिले एकटे घाडगे. मागं कोणी नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी ते थांबले नाहीत, सरळ मशिनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, त्यानं मशिनगन आणि ती चालवणारा दोन्ही गार झाले. दुसऱ्याला टॉमीगननं टिपलं. गोळ्या संपल्या, नव्या भरायला वेळ कुठला? मग बंदूक नळीकडून धरली आणि दांडक्यासारखी फिरवून उरलेल्या दोघांना मारलं. पण लपून बसलेल्या शत्रूच्या गोळ्या छातीत आणि पाठीत लागल्या. जो मोर्चा जिंकला त्यातच त्यांनी देह ठेवला. वय २२.

त्याच साली त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. इंग्रजांच्या फौजेत त्याच्यावर मान नाही. पदक सोन्याचं नसतं बरं का, काशाच्या जातीचं असतं, म्हंजे आपल्या टाळाचंच भावंड. पुढच्या वर्षी, १९४५ साली, त्याच इटलीत नगर जिल्ह्यातल्या निमजच्या नामदेव जाधवांनी तेच पदक मिळवलं. ते जिवंत परत आले.

काही वर्षांमागं इथंच, कॅम्प तीनमधे, हा दृष्टांत सांगून झाला आणि एक म्हातारबाबा उठले. म्हणाले, बुवा, चार जीव मारले त्याचं कौतुक हरिकीर्तनात? आणि तेही इंग्रज साहेबासाठी? सगळी मंडळी गप्प. आम्हीही गप्प. आरती कशी म्हटली ते आठवत नाही.

घरी आल्यावर आम्ही पुष्कळ विचार केला. तुकोबारायांनी पाईकाचे अभंग केले आहेत. पाईक म्हंजे शिपाई, धन्यासाठी जिवावर उदार झालेला. महाराजांना शिपाई अस्पृश्य वाटला नाही, त्यांनी त्याच्यात भक्त पाहिला. पण बाबांचा दुसरा सवाल खरा होता. लढाई साहेबाची होती, आपली नव्हती. आमच्या मतानं त्या घटकेला घाडगे यांच्या डोळ्यांपुढं साहेब नसावा. आजूबाजूला पडलेली आपली माणसं असावीत. मारलेल्या चौघांनाही आया होत्या, हे आम्ही नाकारत नाही. म्हणून आम्ही मारण्याचं कौतुक करत नाही. मागं कोणी नसताना जो पुढं गेला, त्याचं करतो. बाबांना हे सांगितलं. त्यांनी मान हलवली, हो म्हणाले नाहीत.

माणगावला तहसील कचेरीपाशी घाडगे यांचा पुतळा आहे. इटलीच्या लोकांनीही त्यांना विसरलं नाही. २०२३ च्या जुलैत तिथल्या मोंतोने गावात त्यांच्या नावानं स्मारक झालं. ते सूर्याच्या सावलीवर वेळ दाखवणारं घड्याळ आहे, आणि आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो अशा अर्थाचं वचन त्यावर आहे. हे कळलं तवा आम्ही मुद्दाम बाबांच्या घरी गेलो. त्यांनी दोनदा सांगायला लावलं. मग म्हणाले, हे आधी सांगायचं होतंत बुवा.

ते बाबा आता नाहीत. दृष्टांत आम्ही अजून सांगतो. पुढं लहान मुलं बसली असली तर बंदुकीच्या दांडक्याचा भाग तेवढा आवरता घेतो.