जेवणाचे पूर्वनियोजन

एका किंवा अनेक दिवसांच्या जेवणात काय करायचे हे आधीच ठरवून त्यानुसार खरेदी व तयारी करण्याची पद्धत. घरगुती बोलीत यालाच ‘बेत ठरवणे’ म्हणतात. बेत चांगला असेल तर पूर्वनियोजनाने आहार सुधारण्यास मदत होते. मात्र नुसते ठरवणे म्हणजे पौष्टिक खाणे नव्हे.

तयारीचा वेळ : अनेक पौष्टिक पदार्थ ऐनवेळी करता येत नाहीत. बुधवारी दुपारी मटकीची उसळ हवी असेल, तर मटकी सोमवारी रात्री भिजत घालावी लागते. मंगळवारी सकाळी ती उपसून फडक्यात घट्ट बांधली की बुधवारी सकाळपर्यंत मोड येतात; थंडीत आणखी वेळ लागतो. मोड आल्याने क जीवनसत्त्व वाढते, फायटिक आम्ल घटते आणि कडधान्यातील लोह शरीराला अधिक मिळते. मेथीची जुडी रात्री निवडून ठेवली, तरच सकाळच्या डब्यात भाजी जाते. बिस्किटे, फरसाण, झटपट नूडल्स यांना अशी तयारी लागत नाही. त्यामुळे बेत नसलेल्या दिवशी हात त्यांच्याकडेच जातो.

निवडीची वेळ : भूक लागल्यावर केलेली निवड आणि आधी केलेली निवड यांत फरक पडतो. डॅनियल रीड व बार्बरा व्हान लेउवेन यांनी ॲमस्टरडॅममधील कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढच्या आठवड्याचा खाऊ निवडताना कर्मचाऱ्यांचा कल फळांसारख्या पदार्थांकडे तुलनेने अधिक होता. प्रत्यक्ष खाऊ हाती घेण्याच्या वेळी मात्र अनेकांनी आधीचे ठरवलेले बदलून गोड वा तेलकट पदार्थ उचलले. म्हणून बेत मनात न ठेवता त्याप्रमाणे सामान आणून ठेवणे उपयोगी ठरते.

पुरावा : फ्रान्समधील ‘न्यूट्रीनेट-सांते’ या पाहणीतील ४०,५५४ प्रौढांच्या माहितीवर आधारित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५७ टक्के लोक निदान अधूनमधून जेवणाचे नियोजन करत होते. त्यांच्या आहारात विविधता अधिक होती, आहारविषयक शिफारशींचे पालन अधिक होते आणि लठ्ठपणाचे प्रमाण कमी होते. तथापि ही एका वेळची पाहणी असल्याने तीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. आरोग्याची काळजी घेणारी माणसेच नियोजनही करत असण्याची शक्यता उरते.

बेताची रचना : हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० किलोकॅलरींच्या आहारासाठी सुचवलेल्या दिवसाच्या ताटात सुमारे २५० ग्रॅम धान्ये, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मांस आणि ३०० मिलिलिटर दूध वा दही येते. भात-पोळी रोज ठरलेलीच असते. त्यामुळे आठवड्याचा बेत भाजी व कडधान्यापासून सुरू केल्यास उणीव लवकर दिसते. भाजीचे नाव पक्के न करता ‘एक पालेभाजी, एक फळभाजी’ असे लिहिल्यास बाजारात जे ताजे व स्वस्त असेल ते घेता येते.

मर्यादा : आधी तयारी लागणारा प्रत्येक पदार्थ पौष्टिक असतोच असे नाही. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही आधी भिजवल्याशिवाय होत नाही, पण साबुदाण्यात मुख्यतः पिष्टच असते. आठवडाभराचे अन्न एकदम शिजवून ठेवण्यात धोकाही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार शिजवलेले अन्न दोन तासांपेक्षा जास्त वेळ बाहेर ठेवू नये आणि शीतकपाटात ते ५ अंश सेल्सिअसच्या खाली असावे. भाताबाबत हे विशेष पाळावे लागते : त्यातील काही जिवाणूंचे बीजाणू शिजवण्यातूनही तगतात आणि त्यांनी निर्माण केलेले एक विष पुन्हा गरम केल्यानेही नष्ट होत नाही. त्यामुळे भाजी निवडणे, कडधान्य भिजवणे, वाटण करून ठेवणे एवढीच तयारी आधी करून भात त्या त्या वेळी लावणे अधिक सुरक्षित.