खेळलेली कथा पुन्हा खेळताना

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांचे सात नंदीध्वज निघतात, तेव्हा त्यांच्या कथेचा शेवट ठाऊक नाही असा माणूस वाटेवर क्वचितच आढळेल. मठाच्या दारी सडा-रांगोळी घालणाऱ्या कुंभारकन्येने सिद्धरामेश्वरांशी विवाहाची इच्छा धरली. बाराव्या शतकातील त्या शिवयोग्यांनी स्वतः विवाह न करता आपल्या योगदंडाशी विवाहाची अनुमती दिली, ही कथा आपण लहानपणीच ऐकलेली असते. तरीही सम्मती कट्ट्यापाशी अक्षता घेऊन हजारो लोक तिष्ठत उभे राहतात. ठाऊक असलेली कथा माणूस पुन्हा का जगतो? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे एका नव्या खेळाच्या इतिहासाच्या आधारे करणार आहोत.

सोंग घेऊन कथा खेळण्याचा छंद जुना. परंतु त्याला नियमांचे पुस्तक मिळाले ते अमेरिकेत १९७४ साली, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाच्या रूपाने. १९७८ साली इंग्लंडातील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रुबशॉ या विद्यार्थ्याने असेच एक जग संगणकात उभारण्यास आरंभ केला व रिचर्ड बार्टल यांनी ते पुढे नेले. त्यात चित्र नव्हते, केवळ शब्द होते. खेळणाऱ्यांनी खजिना लुटून संपविला की काही काळाने ते जग पुसून पूर्ववत मांडले जाई. म्हणजे पुनरावृत्ती ही या खेळाच्या जन्मापासूनच त्याच्यासोबत आहे.

२००४ साली ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ हा खेळ आला आणि लक्षावधी लोक एकाच काल्पनिक मुलखात वावरू लागले. डिसेंबर २०१० मध्ये चालक कंपनीने त्या मुलखाची मोडतोड करून नवी रचना केली. जुनी गावे व जुन्या वाटा नाहीशा झाल्या. पुस्तक जुने झाले तरी कपाटात राहते; येथे कपाटच दुसऱ्याचे होते! काही हौशी मंडळींनी जुने जग स्वतःच्या यंत्रांवर पुन्हा उभे केले. कंपनीच्या कायदेशीर इशाऱ्यानंतर एप्रिल २०१६ मध्ये ते बंद करावे लागले. तेव्हा दोन लाखांहून अधिक सह्यांचे निवेदन निघाले, आणि अखेर ऑगस्ट २०१९ मध्ये कंपनीनेच जुने जग पुन्हा खुले केले.

पुढे काय झाले ते ध्यानात घेण्याजोगे आहे. पूर्वी रॅग्नारोस नावाच्या अग्निदैत्यास प्रथम पाडावयास सुमारे पाच महिने लागले होते; या खेपेस तो आठवड्याच्या आत पडला. वाटा परतल्या, परंतु वाट चुकण्याचा आनंद परतला नाही. सर्वांस सर्व उत्तरे पाठ होती.

मग आपली गड्ड्याची यात्रा शिळी का होत नाही? आम्हांस वाटते, तेथे जिंकावयाचे काही नसते, पेलावयाचे असते. उंच, जड नंदीध्वजाचा तोल सांभाळण्याचा सराव दर पिढीतील तरुणांस नव्यानेच करावा लागतो. बापाचे कौशल्य मुलाच्या खांद्यावर आपोआप उतरत नाही. शिवाय ध्वजांचे मान निरनिराळ्या समाजांकडे आहेत. कोणा एका मालकाच्या लहरीने ही कथा बंद पडावयाची नाही.

परंतु एवढ्यावर समाधान मानून चालणार नाही. होमविधीत कुंभारकन्येच्या प्रतीकास अग्नी दिला जातो, तेव्हा तिच्या मनात काय असेल, हा प्रश्न आपण कितीदा केला? खेळाडूंस उत्तरे पाठ झाली तेव्हा खेळ हलका झाला. आपणांसही कथा इतकी पाठ झाली आहे की, तिच्यातील मुलगी आपणांस दिसेनाशी झाली नाही ना? परंपरा टिकविणे म्हणजे तीच पावले गिरविणे खरे. पण ती गिरविताना दरवर्षी एक नवा प्रश्न बरोबर नेला पाहिजे. पुढच्या संक्रांतीस अक्षता हाती घेताना आपण एवढे तरी करू या.