गढूळ

गढूळ : (विशेषण) माती, गाळ किंवा मळ मिसळल्याने ज्यातून आरपार दिसत नाही असे (पाणी, रस इ.). नाम : गढूळपणा. क्रियापद : गढुळणे. विरुद्धार्थी : नितळ, निवळ.

अक्षर अस्पष्ट असते, डोंगर धूसर दिसतो, उत्तर मोघम मिळते, करारातले कलम संदिग्ध राहते; यांतले काहीच गढूळ म्हणवत नाही. गढूळ व्हायला मुळात नितळ असलेल्या पदार्थात परके काही कालवले जावे लागते. म्हणूनच मन गढुळते, गावातले वातावरण गढूळ होते आणि पुढे निवळतेही. इसापनीतीतल्या लांडग्याने कोकरावर पाणी गढूळ केल्याचा आळ घेतला, तो स्वतः वरच्या अंगाला उभा राहून. वातावरण गढूळ झाल्याची तक्रार राजकारणातही पुष्कळदा वरच्या अंगाकडूनच येते.

रंग आणि गढूळपणा या वेगळ्या गोष्टी. बिनदुधाचा चहा काळपट असला तरी गढूळ नसतो. गढूळपणा तरंगत्या कणांचा असतो. त्यांच्यामुळे विखुरणारा प्रकाश मोजून गढूळपणा एनटीयू या एककात सांगतात. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० मध्ये १ एनटीयू ही स्वीकार्य मर्यादा आहे. दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत चालते.

गढूळ पाण्याचे एक उदाहरण वारणा नदीचे. वारणानगर (ता. पन्हाळा, जि. कोल्हापूर) ज्या वारणेमुळे ओळखले जाते, ती नदी बऱ्याच अंतरापर्यंत कोल्हापूर आणि सांगली या जिल्ह्यांची सीमा आहे. पावसाळ्याच्या तोंडाला शिवारातली माती घेऊन पहिला लोंढा येतो, तेव्हा ‘नवं पाणी आलं’ म्हणतात. असे पाणी नुसते ठेवून पुरत नाही. चिकणमातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो. ते एकमेकांना दूर लोटतात आणि तळाशी बसत नाहीत. तुरटी फिरवली की हा भार मारला जातो, कण एकत्र येऊन जड होतात आणि पाणी निवळते. पूर्वी निवळीचे बी उगाळून घालत. मनुस्मृतीतही निवळीच्या फळाचा दाखला आहे : त्याचे नुसते नाव घेऊन पाणी स्वच्छ होत नाही, असा.

तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५०च्या दशकात वारणानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला. घाण्यातून निघालेला उसाचा रस गढूळच असतो. महाराष्ट्रातल्या बहुतेक कारखान्यांत त्यात चुन्याचे दूध आणि गंधकाचा धूर सोडतात, रस तापवतात आणि टाकीत संथ ठेवतात. वरचा नितळ रस पुढे आटवायला जातो. खालचा गाळ गाळून प्रेसमड निघते व ती खत म्हणून शेतात जाते.

गुऱ्हाळात हेच काम भेंडी करते. ठेचलेल्या भेंडीच्या झाडाचे चिकट पाणी काहिलीत ओतले की रसातला मळ त्याला धरून वर येतो. तो झाऱ्याने काढतात. त्याला मळी म्हणतात. (कारखान्यातली मळी निराळी : साखर काढल्यावर उरणारा काळा पाक.) मळी नीट निघाली तर गूळ स्वच्छ उतरतो. हायड्रॉसची पूड टाकून पिवळाधमक केलेल्या गुळाचा फक्त रंग उडालेला असतो. मळी काढायची राहिली असेल, तर ती ढेपेत तशीच असते.