चार कलमांचा कायदा: १८९७ चा साथरोग कायदा रद्द का होत नाही?

संशोधनाचा प्रस्ताव लिहायला बसलं की आपल्याला बहुतेक वेळा एकच प्रश्न सुचतो: अमुक कायदा का आला? त्याची उत्तरं कागदोपत्री सापडतात, म्हणून तो सोपा. आज उलटा प्रश्न घेऊया. सगळ्यांनी जुनाट ठरवलेला कायदा जात का नाही? उदाहरण मुंबईतलंच आहे, आणि २०२० मध्ये तुम्ही आम्ही सगळे त्याच्या अमलाखाली राहिलो आहोत.

आधी घटना

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. ऑक्टोबरात महापालिका आयुक्तांनी १८८८ च्या महापालिका कायद्याखाली रुग्णांना सक्तीने हलवण्याचे आदेश काढले. लोक बिथरले. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. तेच आजचं कस्तुरबा रुग्णालय.

शहरातून माणसं पळत होती, गिरण्या ओस पडत होत्या आणि युरोपातली बंदरं मुंबईचा माल अडवतील अशी धास्ती होती. व्हेनिसला प्लेगवर आंतरराष्ट्रीय परिषद फेब्रुवारीतच भरणार होती. मग कलकत्त्याच्या कौन्सिलमध्ये विधेयक आलं आणि जेमतेम आठवड्यात, ४ फेब्रुवारी १८९७ रोजी, कायदा झाला.

मूळ मजकूर नक्की वाचा, दहा मिनिटांत संपतो. पहिलं कलम नावाचं. दुसऱ्यात सरकारला अधिकार: नेहमीचे कायदे अपुरे वाटले तर हवे ते तात्पुरते नियम करा, रेल्वेतले प्रवासी तपासा, संशयितांना वेगळं ठेवा. तिसऱ्यात नियम मोडणाऱ्याला शिक्षा. चौथ्यात सद्हेतूने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण, त्याच्यावर दावा लावता येत नाही. 'धोकादायक साथरोग' म्हणजे काय, याची व्याख्या नाही. नुकसानभरपाईचा उल्लेख आहे, पण 'असल्यास' एवढ्या बोलीवर. अधिकार भरपूर आणि सरकारवर कर्तव्य एकही नाही, हे लक्षात ठेवा. पुढचा सगळा मुद्दा यावर उभा आहे.

विरोध झाला, तरी कायदा का टिकला?

विरोध कमी नव्हता. पुण्यात घराघरांत झडत्या झाल्या, २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली गेली, सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाखाली अठरा महिन्यांची शिक्षा झाली. मुंबईत ९ मार्च १८९८ ला मदनपुऱ्यात दंगल उसळली. यानंतर सरकारने सक्ती सैल केली. कायद्याच्या मजकुराला मात्र कोणी हात लावला नाही.

इथेच पहिलं उत्तर आहे. कायदा इतका मोघम होता की बदलायची गरजच पडली नाही. सक्ती करायची तर करता येते, सोडायची तर सोडता येते. राग आला की नियम बदलायचे, कायदा तसाच कपाटात. स्वातंत्र्यानंतर संविधानाच्या अनुच्छेद ३७२ मुळे तो आपोआप पुढे चालू राहिला. २००९ ला स्वाइन फ्लू आला तेव्हा पुण्यासाठी तोच बाहेर काढला, मार्च २०२० मध्ये करोनासाठी पुन्हा तोच.

जुना आहे म्हणून अडतो का?

नाही. तुलनेसाठी दोन उदाहरणं घ्या. १८९८ चा कुष्ठरोग कायदा याचाच जुळा भाऊ. निराधार कुष्ठरुग्णांना पकडून आश्रमात ठेवण्याची त्यात सोय होती. असं आश्रमगृह मुंबईत १८९० पासूनच होतं, आज वडाळ्याचं ॲक्वर्थ रुग्णालय. तो कायदा २०१६ मध्ये फारसा गाजावाजा न होता रद्द झाला. आजार औषधाने बरा होतो, त्यामुळे त्या अधिकाराची कोणाला गरज उरली नव्हती आणि जागी नवीन काही आणायचं नव्हतं.

दुसरं, १८६० ची भारतीय दंडसंहिता. एवढा अवाढव्य कायदा १ जुलै २०२४ पासून बदलला. पण तिची बरीचशी कलमं नव्या क्रमांकाने न्याय संहितेत आली. साथरोग कायद्यातली शिक्षा ज्या कलम १८८ वर टेकलेली होती, तेच आता २२३ झालं. म्हणजे टेकू बदलला, चार कलमी कायदा जागेवरच.

रद्द करणं सोपं असतं, जागी काही ठेवायचं नसेल तर. बदलणंही जमतं, जुनंच बरंचसं परत लिहायचं असेल तर. इथे दोन्ही लागू नाही.

नवा मसुदा लिहायला बसा

स्वतः प्रयत्न करून बघा. चाळीचा मजला सील केला तर रोजंदारीवरच्या माणसाला पैसे कोण देणार? खाजगी रुग्णालयातल्या खाटा घेतल्या तर दर कोण ठरवणार? केंद्र की राज्य? प्रत्येक ओळीला एक विरोधक तयार होतो.

सार्वजनिक आरोग्य राज्यसूचीत आहे. एका राज्यातून दुसऱ्यात पसरणारे साथरोग रोखणं समवर्ती सूचीत. केंद्राने १९५५ मध्ये आदर्श आरोग्य कायदा तयार केला, १९८७ मध्ये सुधारला. राज्यांनी तो उचलला नाही. २००९ च्या राष्ट्रीय आरोग्य विधेयकात आरोग्याचा हक्क आणि सरकारची कर्तव्यं लिहिली होती. ते मसुद्यापुढे गेलं नाही. २०१७ च्या मसुद्यात १८९७ चा कायदा रद्द करण्याचं कलमही होतं. तोही तिथेच थांबला. कर्तव्य लिहिलं की काय होतं ते राजस्थानात दिसलं: २०२३ च्या आरोग्य हक्क कायद्यात तातडीच्या उपचारांचे पैसे कोण देणार यावरून डॉक्टर रस्त्यावर उतरले.

महाराष्ट्राने मे २०२० मध्ये खाजगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधले. साध्या विलगीकरण कक्षाला दिवसाला कमाल ४,००० रुपये, व्हेंटिलेटरसह अतिदक्षता विभागाला ९,०००. लोकांच्या फायद्याचंच पाऊल. पण त्यासाठी साथरोग कायद्याच्या जोडीला आपत्ती व्यवस्थापन, अत्यावश्यक सेवा, नर्सिंग होम नोंदणी असे बरेच कायदे एकत्र गोळा करावे लागले. हे ठिगळकाम प्रशासनाला जमून जातं, म्हणून नव्या कायद्याची निकड पुन्हा मागे पडते. संसदेने त्याच वर्षी दुरुस्ती केली ती आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी, पाच ते सात वर्षांपर्यंत शिक्षेची. गरजेची होती. सोपीही होती, कारण तिने सरकारवर नवीन खर्च किंवा बंधन टाकलं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये विधी आयोगाच्या २८६ व्या अहवालाने सांगितलं की हा कायदा नीट दुरुस्त करा, नाहीतर सर्वंकष नवा आणा.

अमेरिकेशी तुलना करताना

'कायदा रद्द करून नवा आणणं' म्हटलं की तुम्हाला वाचायला ओबामा यांचा २०१० चा आरोग्य कायदाच मिळेल. २८ जुलै २०१७ ला सिनेटमध्ये तो मोडण्याचा प्रयत्न ४९ विरुद्ध ५१ मतांनी पडला. तिथे कोट्यवधी लोकांना विमा मिळाला होता, तो काढून घेणं अवघड गेलं. आपल्याकडे उलट आहे. या कायद्याने लोकांना दिलं असं काही नाही, दिलं ते सरकारला. अधिकार सोडून जबाबदारी घेणं कोणत्याही सरकारला अवघड जातं, मग ते गोऱ्यांचं असो की आपलं. त्यामुळे तिकडची चौकट जशीच्या तशी इथे लावू नका.

हा विषय घ्यायचा असेल तर एक तक्ता करून सुरुवात करा: प्रत्येक मसुदा, त्यातली सरकारची कर्तव्यं, तो कुठे थांबला. कोणत्या ओळीवर गाडी अडली ते शोधा. साथ ओसरली की ही चर्चाही ओसरते, हे १८९८ पासून चालत आलं आहे. पुढची साथ आली तेव्हाही आपल्या मजल्याला कुलूप लावण्याचा अधिकार लिहिलेला असेल. आत अडकलेल्यांच्या रोजीरोटीची जबाबदारी लिहिलेली असेल का, हे साथ नसतानाच ठरतं.