युरोपचे दोन नकाशे : एक व्हिसाचा, दुसरा मोबाइलचा

पॅरिसहून वेगवान आगगाडीने निघालेला प्रवासी साधारण तीन तासांत स्वित्झर्लंडमधील बाझेल शहरात उतरतो. शेंगेन व्हिसा असल्याने वाटेत त्याला बहुधा कोणी अडवीत नाही; सीमा केव्हा ओलांडली हेही त्याच्या लक्षात येत नाही. खिशातील मोबाइलला मात्र ती सीमा बरोबर कळते. फ्रान्समध्ये घेतलेले सिम कार्ड इटलीत, जर्मनीत किंवा ऑस्ट्रियात फ्रान्सच्याच दराने चालते. स्वित्झर्लंडमध्ये त्याच कार्डाला वेगळा आणि कित्येकदा फार महागडा दर लागू होऊ शकतो. महाराष्ट्रातून निघणाऱ्या बहुतेक युरोप सहलींत स्वित्झर्लंडचा मुक्काम ठरलेला असतो. त्यामुळे युरोपात व्हिसाचा नकाशा एक आणि मोबाइलचा दुसरा, ही गोष्ट निघण्यापूर्वीच जाणून घेणे हिताचे ठरते.

रोमिंगचा प्रवास

एका देशाचा फोन दुसऱ्या देशात चालावा, या हेतूने युरोपातील १३ देशांच्या प्रतिनिधींनी सप्टेंबर १९८७ मध्ये कोपनहेगन येथे जीएसएम या समान पद्धतीच्या करारावर स्वाक्षऱ्या केल्या. १९९१ मध्ये फिनलंडमध्ये या पद्धतीवर पहिले संभाषण झाले आणि पुढच्याच वर्षी फिनलंड व ब्रिटनमधील कंपन्यांत रोमिंगचा करार झाला. भारतानेही जीएसएमसाठी ९०० आणि १८०० मेगाहर्ट्झ याच लहरी स्वीकारल्या. त्यामुळे भारतातील जीएसएम फोन युरोपात चालत असे. सीडीएमए पद्धतीचा फोन मात्र तेथे निरुपयोगी ठरत असे.

रोमिंगची व्यवस्था साधी आहे. परदेशात फोन सुरू केला की तो स्थानिक कंपनीच्या मनोऱ्याशी जोडला जातो. ती कंपनी ग्राहकाच्या मूळ कंपनीकडे विचारणा करते, ग्राहकाची खात्री पटली की सेवा देते आणि नंतर दोन्ही कंपन्या आपसांत हिशेब करतात. प्रदीर्घ काळ हा हिशेब ग्राहकाच्या माथी भरमसाट दराने मारला जात होता. अखेर २००७ मध्ये युरोपीय संघाने दरांवर मर्यादा घातली : केलेल्या कॉलसाठी मिनिटाला ४९ सेंट आणि आलेल्या कॉलसाठी २४ सेंट, कर वगळून. ही मर्यादा टप्प्याटप्प्याने खाली आणली गेली आणि १५ जून २०१७ पासून संघातील ग्राहकांसाठी रोमिंगचे अतिरिक्त शुल्कच रद्द झाले. २०२२ मध्ये या नियमाला आणखी दहा वर्षांची, म्हणजे २०३२ पर्यंतची मुदतवाढ मिळाली.

नकाशात न बसणारे देश

हा नियम युरोपीय संघाचे २७ सदस्य देश आणि त्यांच्या जोडीला नॉर्वे, आइसलंड व लिकटेनस्टाइन येथे लागू आहे. तो भूखंडाचा नियम नाही, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत आहे. पण संघाचा सदस्य नाही आणि रोमिंगच्या या नियमातही नाही. आयर्लंडचे नेमके उलट आहे : तेथे शेंगेन व्हिसा चालत नाही, पण रोमिंगचा नियम चालतो. ब्रिटन दोन्हींच्या बाहेर आहे. संघातून बाहेर पडल्यानंतरचा संक्रमणकाळ २०२० च्या अखेरीस संपला आणि तेथील ग्राहकांची हमीही संपली. लिकटेनस्टाइनमध्ये तर चलन स्विस फ्रँक आणि मोबाइलचा नियम युरोपीय, असा प्रकार आहे.

सीमेलगतच्या गावांत याचा विशेष फटका बसतो. मोबाइल लहरींना सीमारेषा ठाऊक नसते. इटलीतील कोमो सरोवराच्या परिसरात किंवा जर्मनीच्या दक्षिण टोकाला उभ्या असलेल्या प्रवाशाचा फोन स्विस मनोऱ्याचा संकेत जोरदार मिळाल्यास आपोआप तिकडे वळू शकतो. अशा ठिकाणी फोनमधील नेटवर्कची आपोआप निवड बंद करून स्थानिक कंपनी स्वतः निवडणे हा खात्रीचा उपाय आहे. मोठ्या प्रवासी बोटींवरही हीच सावधगिरी हवी. किनारा दूर गेला की फोन बोटीवरील उपग्रह सेवेशी जोडला जाऊ शकतो आणि जमिनीवरील कोणतीही सवलत तेथे लागू होत नाही.

भारतीय सिम की युरोपीय?

प्रवाशापुढे साधारणपणे तीन मार्ग असतात. पहिला मार्ग म्हणजे भारतीय कंपनीचा आंतरराष्ट्रीय रोमिंगचा पॅक. यात क्रमांक बदलत नाही. मात्र वर सांगितलेला युरोपीय नियम भारतीय सिमला लागू नसल्याने कोणता देश पॅकमध्ये आहे हे त्या कंपनीच्या यादीवरच अवलंबून असते. 'युरोप पॅक' एवढे नाव पुरेसे नाही. सहलीतील प्रत्येक देशाचे नाव यादीत आहे की नाही, हे पाहूनच पैसे भरावेत.

दुसरा मार्ग युरोपात उतरल्यावर स्थानिक प्रीपेड सिम घेण्याचा. जर्मनीत २०१७ पासून आणि स्वित्झर्लंडमध्ये २००४ पासून प्रीपेड सिमसाठी ओळख पटवणे कायद्याने बंधनकारक आहे. तेव्हा दुकानात पासपोर्ट बरोबर हवा. अन्य देशांत वापरावयाच्या डेटावर मूळ देशापेक्षा कमी मर्यादा घालण्याची मुभा कंपन्यांना आहे, हेही विक्रेत्याला विचारून घ्यावे. स्विस सिमला संघाच्या देशांत मोफत रोमिंगचा हक्क नाही. म्हणून सहलीचा पहिला मुक्काम झुरिच असेल आणि पुढे पाच-सहा देश पाहावयाचे असतील, तर सिम स्वित्झर्लंडमध्ये घेण्याची घाई करू नये.

तिसरा मार्ग ई-सिमचा. यात कार्ड नसते. क्यूआर कोडच्या साहाय्याने क्रमांकाची माहिती थेट फोनमध्ये उतरवली जाते. त्यासाठी फोन ई-सिम स्वीकारणारा आणि कोणत्याही कंपनीशी न बांधलेला असावा लागतो. कोड उतरवण्यास इंटरनेट लागत असल्याने हे काम घरूनच उरकावे. प्रवाशांसाठीची पुष्कळ ई-सिम केवळ डेटा देतात. त्यांना स्वतंत्र दूरध्वनी क्रमांक नसतो. व्हॉट्सअॅपवरून बोलणाऱ्यांना त्याची अडचण वाटत नाही. कारण दुसऱ्या सिमचा डेटा वापरूनही व्हॉट्सअॅप जुन्या भारतीय क्रमांकावर चालू राहते. फोनने क्रमांक बदलण्याविषयी विचारल्यास तेवढा नकार द्यावा.

कोणताही मार्ग स्वीकारला तरी भारतीय सिम काढून पेटीत ठेवून देणे धोक्याचे आहे. बँकेचा ओटीपी बहुधा त्याच क्रमांकावर येतो आणि तो आला नाही, तर परक्या गावी कार्डाचा व्यवहार मध्येच अडकतो. म्हणून भारतीय क्रमांकावर आंतरराष्ट्रीय रोमिंग निघण्यापूर्वी सुरू करून घ्यावे, प्रीपेड असल्यास परतीच्या तारखेपर्यंत त्याची मुदत शिल्लक ठेवावी आणि त्या सिमवरील डेटा रोमिंग तेवढे बंद ठेवावे. कॉल दुसऱ्या क्रमांकावर वळवण्याची सोय चालू असल्यास तीही रद्द करावी. अन्यथा न घेतलेल्या कॉलचेही पैसे पडू शकतात.

आजोबांचा साधा फोन

ज्येष्ठ प्रवाशांच्या हाती अनेकदा बटणांचा साधा फोन असतो. त्यांतील काही फोन केवळ टू-जी सेवेवर चालतात. स्वित्झर्लंडमध्ये टू-जी सेवा २०२३ पर्यंत बंद झाली असल्याने असा फोन तेथे मुका होतो. स्मार्टफोनधारकांनाही वेगळी अडचण येऊ शकते. जर्मनीत थ्री-जी सेवा २०२१ मध्येच बंद झाली आहे. जुन्या सेवा जसजशा बंद होत आहेत, तसतसे संभाषणही फोर-जीवरूनच करावे लागते आणि ती सोय रोमिंगमध्ये चालण्यासाठी फोन व कंपनी या दोघांचीही तयारी लागते. ती नसल्यास इंटरनेट चालते, पण साधा कॉल लागत नाही. आई-वडिलांना सहलीला पाठवणाऱ्या मुलांनी आपल्या कंपनीकडे एवढी एक गोष्ट अवश्य विचारावी.

क्रमांक लावताना

फोनमधील सर्व भारतीय क्रमांक 'अधिक ९१' या संकेतासह साठवलेले असावेत. युरोपातील क्रमांक त्या त्या देशात शून्याने सुरू होत असेल, तर बाहेरून लावताना बहुतेक देशांत ते शून्य गाळावे लागते. पॅरिसमधील ०१ ने सुरू होणारा क्रमांक 'अधिक ३३' नंतर नुसत्या १ ने लावावा. इटली मात्र याला अपवाद आहे. रोममधील हॉटेलचा ०६ ने सुरू होणारा क्रमांक 'अधिक ३९' नंतर शून्यासहच लावावा लागतो. शून्य गाळले की फोन लागत नाही.

वेळेचेही भान हवे. मध्य युरोपातील घड्याळ भारताच्या उन्हाळ्यात साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. मार्च व ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी हा बदल होतो. पुण्यात रात्रीचे नऊ वाजतात, तेव्हा मे महिन्यात पॅरिसमध्ये सायंकाळचे साडेपाच आणि लंडनमध्ये साडेचार वाजलेले असतात. ही वेळ दोन्हीकडे सोयीची असते.

संकटसमयी ११२

युरोपीय संघात सर्वत्र पोलीस, रुग्णवाहिका आणि अग्निशमन दल यांसाठी ११२ हा एकच क्रमांक आहे. ब्रिटन आणि स्वित्झर्लंडमध्येही तो चालतो आणि त्याला शुल्क पडत नाही. काही देशांत सिम नसलेल्या फोनवरूनही तो लागतो. जर्मनीत मात्र २००९ पासून फोनमध्ये चालू सिम असणे आवश्यक आहे. भारतीय सिम फोनमध्येच ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

फोन हरवला किंवा चोरीस गेला, तर यांपैकी काहीच हाताशी राहत नाही आणि आज बहुतेकांना घरच्यांचा क्रमांकही पाठ नसतो. म्हणून मुक्कामाच्या हॉटेलांचे, सहल व्यवस्थापकाचे, त्या त्या देशातील भारतीय दूतावासाचे आणि घरचे क्रमांक एका कागदावर लिहून तो पासपोर्टपासून वेगळ्या खिशात ठेवावा. त्याच कागदावर फोनचा आयएमईआय क्रमांकही टिपून घ्यावा. पोलिसांकडे तक्रार नोंदवताना तो उपयोगी पडतो. फोनवर तारा, शून्य सहा आणि चौकट या खुणा असलेली बटणे (*#०६#) दाबली की तो पडद्यावर उमटतो. सहल व्यवस्थापकाच्या मागून चालताना व्हेनिसच्या गर्दीत चुकलेल्या आजींना कोणाही सहृदय दुकानदाराच्या फोनवरून आपल्या माणसांपर्यंत पोहोचता येईल, ते त्या कागदाच्या आधारानेच.