चाकण ते जुन्नर : मद्याच्या वाटेवरचा इतिहास

१/ चाकणच्या कारखान्यांमधून नाशिककडे जाणारा रस्ता आपल्याला मालमोटारींच्या गर्दीमुळेच ठाऊक असतो. एका दिवसाच्या भ्रमंतीत त्याच वाटेवर भुईकोट, द्राक्षमळे आणि लेणी भेटतात.

२/ प्रथम चाकणचा संग्रामदुर्ग. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळा यांनी तो शाइस्ताखानाविरुद्ध जवळजवळ दोन महिने झुंजवला. बुरूज सुरुंगाने उडाल्यावरच गड मोगलांच्या हाती गेला.

३/ पुढे नारायणगाव. १९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी येथे फ्रेंच तंत्राने फेसाळ वाइन तयार केली. ‘ओमर खय्याम’ या नावाने ती परदेशी गेली.

४/ दोन हजार वर्षांपूर्वी मद्य उलट दिशेने येत असे. इ. स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ भडोच बंदरात उतरणाऱ्या इटालियन मद्याची नोंद करतो. कोकणच्या बंदरांतला माल कल्याणहून नाणेघाटाने जुन्नरला चढे. त्याच घाटात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे.

५/ शेवटी शिवनेरी. गडाच्या कड्यातील लेण्यांत चिट नावाच्या यवनाने बौद्ध संघाला भोजनमंडप दान दिल्याचा लेख आहे. या वाटेने मालाबरोबर माणसेही आली आणि येथल्या धर्मजीवनात मिसळली. शिवजन्मस्थानाला वंदन करून उतरताना हा लेख अवश्य पाहावा.