सरकारी खरेदीतील प्राधान्य व लघुउद्योग, ग्वाल्हेर

सरकारी खरेदीतील प्राधान्य व लघुउद्योग, ग्वाल्हेर : शासकीय खरेदीत लहान उत्पादकांना नियमाने मिळणारा अग्रक्रम आणि त्यांच्या वाढीवर होणारा त्याचा परिणाम. ग्वाल्हेरमधील राष्ट्रध्वजनिर्मिती हे त्याचे ठळक उदाहरण होय.

सध्याची चौकट : सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ अन्वये २०१२ मध्ये खरेदी आदेश निघाला. केंद्रीय मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी वार्षिक खरेदीपैकी २० टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे त्यात ठरले. २०१९ पासून हे प्रमाण २५ टक्के आहे. पैकी ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या व ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी आहे. ३५८ वस्तू राखीव असून बयाणा रक्कम माफ असते. सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा असला, तरी त्याहून १५ टक्क्यांपर्यंत जास्त दर दिलेल्या लघुउद्योगाला तो किमान दर मान्य करून मागणीचा हिस्सा मिळवता येतो. केंद्र सरकारच्या खादी खरेदीसाठी खादी व ग्रामोद्योग आयोगाला वेगळे आरक्षण आहे.

ध्वजनिर्मिती : बिर्लानगरच्या मोठ्या कापडगिरण्या बंद पडलेल्या या शहरात जिवाजीगंजमधील मध्य भारत खादी संघ भारतीय मानक ब्यूरोच्या प्रमाणनासह तिरंगा तयार करतो. सूत, विणकाम, रंगांचा पक्केपणा, अशोकचक्राची छपाई व शिलाई या सर्व बाबी मानकात बसाव्या लागतात. ही कठोर अट लहान संस्थेला खर्चात पाडते. पण शासकीय कार्यालयांची खात्रीची मागणी असल्यामुळे हे कौशल्य टिकून राहते.

मर्यादा : ३० डिसेंबर २०२१ च्या ध्वजसंहिता दुरुस्तीने यंत्रनिर्मित व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. २०२२ च्या ‘हर घर तिरंगा’ मोहिमेत ध्वजांची मागणी प्रचंड वाढली, पण हातकताईच्या ध्वजाला स्वस्त ध्वजांशी स्पर्धा करावी लागली. एका नियमावर उभी राहिलेली बाजारपेठ नियम बदलताच डळमळते. शिवाय मागणी १५ ऑगस्ट व २६ जानेवारीपूर्वी एकवटत असल्याने खेळते भांडवल आधीच गुंतते.

देयकांचा प्रश्न : कायद्याने ४५ दिवसांत देयक चुकते करणे बंधनकारक आहे, विलंबावर बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू होते. तरीही मुख्य ग्राहकाविरुद्ध तक्रार करण्यास लहान पुरवठादार कचरतो.

मूल्यमापन : प्राधान्यामुळे लघुउद्योगाला पहिली मागणी मिळते व पत उभी राहते. पुढची वाढ मात्र वेळेवर मिळणारे पैसे, स्थिर नियम आणि शासनाबाहेरचे ग्राहक यांवर अवलंबून असते. त्यामुळे या धोरणाचे यश केवळ खरेदीच्या टक्केवारीवर न मोजता कातणाऱ्या-विणणाऱ्यांना वर्षभर काम मिळते की नाही, यावर मोजले पाहिजे.